शेतरस्ते, शिवरस्ते आणि पायवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली तापी आणि वर सातपुडा. या दोहोंमधल्या चोपडा-यावल पट्ट्यातल्या गावांतून शेतरस्त्यांबद्दल जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. कायदा जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना सारखाच लागू आहे. जमीन मात्र सारखी नाही. रावेरच्या केळीपट्ट्यातली अडचण धडगावच्या पाड्याला कळणार नाही आणि पाड्याची रावेरला. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. प्रकरण आधीच दिवाणी कोर्टात असेल तर हे वाचून निर्णय घेऊ नका, वकिलाला कागद दाखवा.

आमच्या शेताकडं जाणारी वाट सरकारी आहे की कुणाच्या मालकीची, हे कसं कळेल?

आधी गाव नकाशा बघा, सातबारा नंतर. बहुतेक जण उलट करतात. सातबाऱ्यावर रस्ता शोधतात, सापडत नाही आणि "रेकॉर्डलाच नाही" म्हणून हात टेकतात.

गावच्या दप्तरात जुना कापडी नकाशा असतो. उलगडला की घड्यांच्या जागी विरलेला दिसतो आणि नेमकी आपली वाट त्या घडीवर आलेली असते. तेव्हा त्यावर विसंबू नका. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा. नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. नकाशाच्या कडेला चिन्हांची सूची असते, ती आधी वाचावी. मोबाईलवर दिसणारा गटाचा नकाशा आपला गट ओळखायला बरा, पण वाटेसाठी कागदी नक्कलच घ्या.

रुंदीचा हिशोब जुन्या साखळीचा आहे. आपल्याकडं मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, तो याच साखळीतून आला. पायवाट पाव साखळी, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट अर्ध्या साखळीपासून पुढं, साडेसोळा ते एकवीस फूट. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता तीस-तेहतीस फुटांचा. आज जागेवर जाऊन टेप लावला तर साडेसोळा फुटांच्या गाडीवाटेचे सहा-सात फूट उरलेले दिसतात. बाकीचे दोन्ही बाजूंच्या वावरांत गेलेले असतात, आणि बऱ्याचदा ते कुणी ठरवून घेतलेले नसतात. दरवर्षी नांगराचं एक तास बाहेर पडत गेलं, एवढंच.

नकाशानंतर सातबाऱ्यावर पोटखराबीचा रकाना बघा. पोटखराब 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारं क्षेत्र. पोटखराब 'ब' म्हणजे रस्ता, नाला असं सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेलं क्षेत्र. शेजाऱ्याच्या उताऱ्यावर 'ब' खाली दोन-चार आर दिसले तर वाट तिथूनच जाते, असं धरून पुढची चौकशी करा. गावात एकत्रीकरण योजना झाली असेल, म्हणजे सर्व्हे नंबरांचे गट पडले असतील, तर एकत्रीकरणाचा नकाशा आणि त्या वेळचा जबाबही काढा. गट पाडताना सोडलेले रस्ते तिथं सापडतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा यांची मालकी राज्य शासनाची. शेजारी कितीही वर्षं त्यात कापूस लावत असला तरी तेवढ्यानं वाट त्याची होत नाही.

नकाशात काहीच नाही, पण आजोबांपासून आम्ही तिथूनच जातो. मग?

मग ती वहिवाटीची वाट. तिलाही संरक्षण आहे, फक्त पुरावा तुम्हाला उभा करावा लागतो. सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर असेल तर हक्क तयार होतो. जमीन सरकारी असेल तर हीच मुदत तीस वर्षांची. "हक्क म्हणून" हे महत्त्वाचं आहे. दरवर्षी परवानगी मागून जात असाल तर ती परवानगी झाली, वहिवाट नव्हे.

पुरावा म्हणून जुनी खरेदीखतं फार कामाला येतात. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमुक, पश्चिमेस गाडरस्ता. तुमचंच खत बघू नका, आजूबाजूच्या चार गटांची बघा. वाट ज्याच्या शेतातून जाते त्याच्याच आजोबाच्या खतात "उत्तरेस गाडरस्ता" निघाला तर निम्मं काम झालं. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं दिसतात. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात वाट पांढरट पट्ट्यासारखी उठून दिसते. ती छापून जोडा. गावातल्या जुन्या जाणत्यांचे जबाब घ्या, आणि वेळेत घ्या.

शेजाऱ्यानं वाट नांगरून टाकली, काट्या लावल्या. अर्ज कुणाकडं आणि कोणत्या कलमाखाली?

सगळ्यात जास्त अर्ज इथंच फसतात. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही ठिकाणी निर्णय तहसीलदारच देतात, म्हणून लोकांना वाटतं अर्ज एकच. पण वाट अडवलेली असताना तुम्ही १४३ खाली अर्ज केला, तर इथं आधी वाट नव्हतीच असं तुमच्याच सहीनं लिहून दिल्यासारखं होतं. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो.

१९०६ चा कायदा म्हणजे खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले त्याच वर्षीचा. जुना असला तरी शेतकऱ्याच्या कामाचा आहे. यात तहसीलदार वाट मोकळी करण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाईचा आदेश देऊ शकतात. अट एकच : अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. "दिवाळीनंतर बघू", "पोराचं लग्न होऊ दे", "भाऊबंदकीत कशाला" असं करता करता सहा महिने जातात. बोलणी चालू ठेवा, पण वाट अडवली ती तारीख लिहून ठेवा. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लेखी कळवून पोच घ्या.

या निर्णयावर अपील नाही, फेरतपासणीचा अर्ज करता येतो.

वाट एकट्या तुमची नसून गावाची, सार्वजनिक असेल तर आणखी दोन दारं आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तिथं मतांचं गणित आडवं येतं, हे सांगायला नको. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ चं कलम १५२, म्हणजे पूर्वीचं १३३. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक वाटेवरचा अडथळा काढण्याचा आदेश देतात.

आमच्या गटाला कुठूनच रस्ता नाही. कलम १४३ मध्ये काय मिळतं?

दुसऱ्यांच्या बांधावरून जायचा हक्क मिळतो, शेताच्या मधून नाही. तहसीलदार जागेवर येतात, जवळचा आणि कमीत कमी नुकसानीचा बांध बघतात, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना नोटीस देतात. शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी वाट हवी, हे लक्षात घेऊन निर्णय द्यावा असं कलमातच लिहिलं आहे. निर्णय मान्य नसेल तर महसुली अपील करता येतं, किंवा निर्णयापासून एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. दावा केला की अपिलाचा रस्ता बंद. म्हणून दोन्हीकडं धावू नका.

अर्जात पर्याय स्वतःच द्या. "मला रस्ता द्या" एवढंच लिहिलेला अर्ज आणि "गट अमुक व तमुक यांच्या सामाईक बांधावरून, दक्षिणोत्तर" असं लिहून कच्चा नकाशा जोडलेला अर्ज यांच्या निकालात फरक पडतो.

भावाभावांत वाटणी झाली. पुढचा तुकडा त्याला, मागचा मला. आता तो म्हणतो फिरून जा.

घराघरातली गोष्ट आहे. एका जमिनीचे तुकडे पडल्यामुळं मागच्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नसेल, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पुढच्या तुकड्यातून जायचा गरजेचा हक्क मिळतो. पण त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा वाटणीपत्रातच एक ओळ लिहा : अमुक बांधाला लागून इतके फूट वाट सर्व हिस्सेदारांसाठी कायम सोडली आहे. विहीर, मोटर, पाईपलाईन यांच्या पाळ्या घासून घासून लिहिल्या जातात, वाट मात्र "आपण भाऊच आहोत" म्हणून राहते. बहिणीचा हिस्सा असेल तिथं तर नक्की लिहा. ती शेत करायला आली किंवा विकायला निघाली, की वाटेचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो.

रुंदी किती मिळेल? आता बैलगाडी कोण वापरतं?

जुने आदेश बैलगाडीपुरते, आठ फुटांचे असायचे. ट्रॅक्टर-ट्रॉली त्यातून कशीबशी जाते, हार्वेस्टर जात नाही. महसूल विभागाच्या २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात घ्यावी आणि अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यावा, असं सांगितलं आहे. अर्ज करताना या निर्णयाचा दिनांक लिहा. बांधावर तेवढी जागाच नसेल तर तहसीलदार जागेनुसार कमी-जास्त करतात, तेव्हा चार मीटर हातात आलेच असं धरून पिकअप बुक करू नका.

इतर हक्कातल्या नोंदीचा पाठपुरावा तुम्हीच करा. आदेश झाला, पेढे वाटले आणि नोंद राहिली, असं फार होतं. पुढं शेजारी जमीन विकतो. नवा मालक कोरा सातबारा दाखवतो आणि म्हणतो, मला काय माहीत? मग परत पहिल्यापासून.

आदेश हातात आहे, पण वाट काही मोकळी होत नाही.

आदेशाची अंमलबजावणी करा असा वेगळा अर्ज तहसीलदारांकडं द्या. मंडळ अधिकारी पंचांसमक्ष वाट खुली करून पंचनामा करतात. गरज असेल तर पोलीस बंदोबस्त मागता येतो. त्याच दिवशी हद्दीचे दगड रोवून घ्या आणि दगडांसह फोटो काढा.

भांडण न करता जमणार नाही का?

जमतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच जमलेलं आहे. "मन्हा बांधवरथीन जावानं नही" म्हणणाऱ्या माणसाचं म्हणणं एकदा नीट ऐकून घ्या. बहुतेक वेळा त्याला वाट नको असते असं नाही. तुमच्या ट्रॅक्टरनं त्याच्या ठिबकच्या नळ्या चिरडलेल्या असतात. पावसाळ्यात चाकोरी चिखलानं भरली की ट्रॉली दोन फूट आत, त्याच्या कापसातून गेलेली असते. नाहीतर मजूर येता-जाता हरभऱ्याचे डहाळे उपटत गेलेले असतात. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं मिटवता येतं. नळ्या वाटेखालून पाईपात घालून द्या. चिखलाच्या जागी आधी तुमच्या खर्चानं दोन ट्रॉली मुरूम टाका. मग बोलायला बसा.

बसताना चावडीवर नको, शेतात बसा. भरल्या चावडीत माघार घेणं कुणालाच जमत नाही. दोघांनाही मान असलेला एखादा आबा किंवा तात्या सोबत न्या. तोडगा निघाला तर संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर करा, त्यावर गट नंबर, रुंदी, दिशा लिहा आणि इतर हक्कात नोंदीसाठी तलाठ्याकडं द्या. तोंडी शब्द देणाऱ्याच्या हयातीपुरता चालतो, पुढच्या पिढीवर तो बंधनकारक नसतो.

रस्ता करायला पैसा कुठून आणायचा?

११ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयानं सुरू झालेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना बहुतेकांना नावानं माहीत आहे. तिच्यात रोजगार हमीचा पैसा आणि राज्याचा निधी एकत्र करून बारमाही रस्ते करायचे, अशी मांडणी आहे. त्याशिवाय आमदार निधी, जिल्हा परिषदेचा सेस, वित्त आयोगाचा पैसा आणि लोकवर्गणी. सुरुवात कुठूनही केली तरी ग्रामसभेचा ठराव लागतो. ठरावात रस्त्याचं नाव "अमक्या भाऊच्या शेताकडं जाणारा" असं लिहू नका, कारण भाऊ सत्तेतून गेले की रस्ताही गेला. गट नंबर ते गट नंबर असं लिहा.

योजना बदलतात, नावं बदलतात. ग्रामरोजगार सेवकाला यंदा काय चालू आहे ते विचारा. पण काहीही मंजूर झालं तरी आधी मोजणी करून हद्द कायम करा. जेसीबी नंतर. गावोगाव नेमकं उलट होतं. मंजुरी येते, मार्च अखेर जवळ असतो, यंत्र लावून आहे त्या चाकोरीवर मुरूम पसरला जातो. दुसऱ्या वर्षी कुणीतरी मोजणी आणतो आणि निघतं, की रस्त्याचा निम्मा भाग त्याच्या गटात आहे. मुरूम तिथंच राहतो, रस्ता पुन्हा बंद होतो.

रस्ता केला आणि पहिल्याच पावसाळ्यात गेला. ठेकेदारानं खाल्लं का?

कधी कधी खाल्लेलं असतं. पण प्रामाणिकपणे केलेला रस्ताही काळ्या जमिनीत जातो. आपली तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर थेट मुरूम टाकला तर तो दोन पावसांत चिखलात उतरतो आणि चिखल वर येतो.

म्हणून वरची काळी माती आधी काढावी लागते. काढलेली माती शेतकरी आनंदानं वावरात नेतात. मग खाली जाड दगड-मुरूम, वर बारीक मुरूम, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. नुसता पसरलेला आणि ट्रॅक्टरच्या चाकानं दाबलेला मुरूम म्हणजे दाबलेला रस्ता नव्हे. रस्ता मध्ये उंच आणि दोन्हीकडं उतरता हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. बाजूला चर हवी, आणि चर कुठंतरी नाल्याला मिळाली पाहिजे. चर दोन्हीकडं खोदून शेवटी कुणाच्या तरी शेतात सोडून दिलेली अनेक ठिकाणी दिसेल. तो शेतकरी पहिल्याच पावसात ती बुजवतो आणि त्यात त्याची चूक नाही.

नाला ओलांडायची जागा सगळ्यात नाजूक. सातपुड्यातून येणारे नाले वर्षातले बरेच दिवस कोरडे असतात आणि आले की दगडगोटे घेऊन येतात. त्यात लहान नळकांड्या टाकल्या की पाल्यापाचोळ्यानं तोंड बुजतं आणि पाणी शेजारचा काठ फोडतं. अशा ठिकाणी मोठ्या नळ्यांची मोरी, नाहीतर सरळ फरशी, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा सपाट पक्का पट्टा, बरी. फरशीवरून पाणी गेलं तर दोन तास थांबावं लागतं, पण रस्ता शिल्लक राहतो.

काम काढायचं ते हरभरा, गहू, दादर (रब्बी ज्वारी) निघाल्यावर आणि बागायती कापूस लागायच्या आधी. केळीपट्ट्यात तेवढीही उसंत नसते. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटाची) यांच्या पाळीत बांधाला लागून वर्षभर झाडं उभी असतात. तिथं शेजाऱ्याशी कटाईचा महिना आधी ठरवून घ्यावा. याच पट्ट्यात वाईट रस्त्याचा भुर्दंड रोख मोजता येतो. श्रावणात कटाई निघाली आणि गाडी बांधापर्यंत आली नाही, की मजूर घड डोक्यावर-खांद्यावर घेऊन चिखलातून डांबरीपर्यंत येतात. मजुरी वाढते, घड आदळतात, सालीवर काळे डाग पडतात आणि व्यापारी त्यावरच भाव पाडतो.

रस्त्याच्या कामात पाईपलाईन फुटली. भरपाई कोण देणार?

तापीवरून किंवा दूरच्या विहिरीवरून पाणी आणलेल्या लाईनी रस्त्याच्या कडेनंच गेलेल्या असतात, आणि कुणाची कुठं आहे हे लाईन टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं. सार्वजनिक वाटेत विनापरवाना टाकलेली लाईन फुटली तर भरपाई मागणं अवघड. म्हणून काम सुरू होण्याआधी दवंडी द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ज्यांच्या लाईनी आहेत त्यांनी चुन्याची रेघ मारावी. ओलांडून जाणाऱ्या लाईनी खोल घालून वरून मोठा पाईप चढवावा. एका दिवसाचं काम आहे.

वाटेत झाडं आली आहेत. तोडली तर चालतील?

वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत खुशाल काढा. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन ही झाडं वृक्षतोड नियमन कायदा १९६४ च्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगी लागते. अंजनाचं मोठं झाड असेल तर आमचं सांगणं, रस्ता थोडा वळवा.

मुरूम काढायलाही तहसीलदारांची परवानगी लागते, मग तो गावठाणातल्या टेकडीचा का असेना.

पाटचारीच्या कडेनं जाता येतं का?

कालव्याचा सेवा रस्ता पाटबंधारे खात्याचा. पायी किंवा मोटारसायकलनं जायला सहसा कुणी अडवत नाही, पण तो तुमचा शेतरस्ता होत नाही. भरलेल्या ट्रॉलीनं भराव खचला तर खातं तुम्हालाच विचारेल. साक्रीकडं पांझरेवरच्या फड बागायतीत (बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) पाटाची साफसफाई लाभधारक मिळून हंगामाआधी करत आणि काठानं चालायची वाट त्यातच मोकळी होत असे. ती शिस्त नव्या चाऱ्यांवर कुठंच आली नाही, हे दुर्दैव.

मेंढरं आणि काठेवाडी गुरं दरवर्षी आमच्या शिवारातून जातात. त्यांना अडवता येईल का?

उभ्या पिकात घुसली तर नक्कीच अडवा. पण जुन्या गाडीवाटेनं आणि गायरानातून जाणाऱ्या कळपाला तुमच्याइतकाच तिथून जायचा हक्क आहे. ठेलारी समाजाचे कळप साक्री-धुळ्याकडून पिढ्यानपिढ्या ठरलेल्या वाटांनी फिरतात, आणि पीक निघालेल्या वावरात मेंढ्या बसवायला आपणच त्यांना बोलावतो, धान्य-पैसे देतो. वाट अरुंद झाली म्हणून कळप पिकात शिरतो, हेही बघा. जंगलाच्या बाबतीत वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क सांगितलेला आहे.

आमचा पाडा जंगलात आहे. पायवाटच आहे फक्त. रस्त्याला वनखातं परवानगी देत नाही.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) चा आधार घ्या. गावाला लागणाऱ्या तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते आणि त्यात रस्ता आहे. अटी : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणजे लांबलचक केंद्रीय परवानगीच्या वाटेला न जाता काम होऊ शकतं. अक्कलकुवा, धडगाव भागात अजूनही आजारी माणसाला, बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. तिथल्या ग्रामसभांनी हा ठराव सगळ्यात आधी करावा. ही गावं अनुसूचित क्षेत्रात असल्यानं पेसा कायदा १९९६ (अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) मुळं ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानं नर्मदाकाठच्या जुन्या वाटा बुडाल्या. तिथं प्रश्न रस्त्याइतकाच होडीचा आणि धक्क्याचा आहे, तोही ठरावात घाला.

एक हेक्टर म्हणजे किती? चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर अडीच किलोमीटर भरतो. लांबीचा अंदाज त्यावरून करा.

आम्ही जळगावला राहतो. सुट्टीला शिवारात, डोंगरात पायी फिरायचं आहे. कुठं जाता येतं?

गाव नकाशातल्या सार्वजनिक वाटेवरून कुणीही जाऊ शकतं. शेतात मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. "राम राम भाऊ, इथून जाऊ का?" एवढं पुरतं, वर ताक मिळतं. भुईमुगाच्या शेंगा, बोरं, ओला हरभरा हे "थोडंसंच घेतलं" म्हणून घेऊ नका. तुमच्यामागं आणखी पन्नास जण येणार असतात.

यावल अभयारण्य १९६९ पासून आहे. तिथं आणि चाळीसगावकडच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. सार्वजनिक हमरस्त्यानं जाणं वेगळं. आडवाटेनं आत शिरायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. पाटणादेवीला गेलात तर गेटवर नोंद करून मगच पितळखोऱ्याकडं वळा.

यात्रांच्या वाटांचं गणित निराळं आहे. दिवाळीत धनत्रयोदशीपासून सातपुड्यातल्या अस्तंभा शिखराची चढण, नवरात्रात मनुदेवी, चैत्रात सप्तशृंगीला निघणारे पायी जत्थे. या वाटांवर चार दिवसांत वर्षभराची पावलं पडतात. शेतकरी वाट सोडतो, पाण्याचे माठ ठेवतो आणि नंतर ठिबकच्या नळ्यांत अडकलेल्या पाण्याच्या पिशव्या वेचत बसतो. जत्थ्याच्या पुढाऱ्यानं मागून एक पोतं घेऊन दोन पोरं ठेवली तर पुढच्या वर्षी काट्या लागणार नाहीत. चैत्रात गवत वाळलेलं असतं, विडी-काडी जपून.

आमची जुनी वाट रेल्वेरुळ ओलांडून जाते. फाटक बंद केलं, बोगद्यात पाणी भरतं.

रूळ ओलांडू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि जिवाला धोका वेगळाच. बोगद्यातल्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या ठरावासह विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडं अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पावसाळ्यातले तारखेसह फोटो जोडा. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला तिथं पाणी दिसणार नाही.

अर्जाला काय काय जोडायचं?

तुमचा आणि ज्यांच्या शेतातून वाट जाते त्या सगळ्यांचा चालू सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा). गाव नकाशाची प्रमाणित नक्कल, तिच्यावर वाट लाल पेन्सिलीनं दाखवलेली, पण मूळ नकलेवर नाही, झेरॉक्सवर. हाती काढलेला कच्चा नकाशा, बाण आणि दिशा घालून. मोजणी झाली असेल तर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा. चतुःसीमा असलेली जुनी खतं. फोटो. वाट अडवल्याची तारीख अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच. सगळ्या हिस्सेदारांची नावं घाला. मयत माणसाला नोटीस निघाली की प्रकरण वारस लागेपर्यंत थांबतं. सामनेवाल्यांच्या संख्येएवढ्या जादा प्रती काढा आणि एक स्वतःजवळ, पोचेच्या शिक्क्यासह.